आलेखांवरील बाण व पोथींतील काकपद

पोथी उतरतांना एखादें पद गळलें तर लेखक त्या जागीं काकपद करून गळलेला मजकूर समासांत लिहितो, हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. शेजारीं ओळीचा अंक असतो. पण तो वरून मोजावयाचा कीं खालून हें न कळल्यास पुढील नकलेंत ती भर भलत्याच ओळींत शिरते. संगणकावर काढलेल्या आलेखांवरील रेषा व बाण यांची जात हीच, आणि दोषहि हाच.

भामरागडचें उदाहरण घ्यावें. पूर्वीं चांदा जिल्ह्यांत व 1982 पासून गडचिरोलींत असलेलें हें गांव पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांच्या संगमाजवळ आहे. आलापल्लीचा रस्ता पर्लकोटा ओलांडून गांवांत येतो; तेथील जुना ठेंगणा पूल बुडाला कीं गांव तुटे. 2019 च्या पावसाळ्यांत तर पाणी वस्तींत शिरलें. अशा नदीच्या पाणीपातळीचा आलेख काढून त्यावर पुलाची पातळी दाखविणारी आडवी रेषा ओढली, तर सर्व अर्थ त्या एका रेषेंत आहे.

आतां समजा, उभा अक्ष 0 पासून 10 मीटरपर्यंत आहे व पूल 6 मीटरवर. रेषा अंकाशीं न बांधतां चौकटीच्या उंचीच्या सहा-दशांशावर ओढली, तरी ती आज बरोबर दिसते. पुढें मोठा पूर येऊन अक्ष 12 पर्यंत वाढला कीं तीच रेषा 7.2 मीटर दाखवूं लागते. आणि 7 मीटरचा जो पूर पुलावरून गेला, तो पुलाखालून गेल्यासारखा दिसतो! कोणीं एक अंकहि खोटा लिहिलेला नाहीं.

1986 पासूनच्या 'ग्नूप्लॉट' या आज्ञावलींत बाणाचीं टोकें सहजतः अक्षांच्या अंकांशींच बांधलीं जातात. 'ग्राफ' किंवा 'स्क्रीन' असें मुद्दाम लिहिल्यासच तीं चौकटीशीं अथवा पृष्ठाशीं जातात. जॉन हंटर यांनीं 2003 त प्रसिद्ध केलेल्या 'मॅटप्लॉटलिब'ची योजना आम्हांस अधिक पसंत आहे. तींत बाणाचें अग्र व टिपेचे शब्द यांचीं स्थानें निरनिराळीं सांगतां येतात. अग्र अंकाशीं बांधावें, शब्द मोकळ्या समासांत ठेवावे. चांगला लेखक हेंच करी. तयार चित्रावर हातानें चिकटविलेला बाण मात्र कशाशींच बांधलेला नसतो. तो सर्वांत वाईट.

दुसरा दोष अर्थाचा आहे. भामरागडच्या पावसाच्या स्तंभापासून पुराच्या शिखरापर्यंत बाण ओढला कीं वाचक त्यास कारण समजतो. परंतु पर्लकोटेचें पाणी छत्तीसगडांतून येतें, आणि इंद्रावती भरली असतां तिच्या फुगवट्यानें तें तुंबतें. गांवांत थेंब न पडतांहि पूर चढूं शकतो. समासांतील टीप मूळ संहितेंत घुसावी तसा हा प्रकार झाला. जेथें केवळ 'येथें' म्हणावयाचें तेथें अग्रहीन रेषा पुरे. 'म्हणून' म्हणावयाचें असेल तर प्रमाण हवें, आणि तें बाणांत मावत नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. असा आलेख दप्तरीं ठेवतांना नुसतें चित्र ठेवूं नये. ज्या आज्ञांनीं तें काढलें त्यांची धारिकाहि सोबत ठेवावी. रेषा पुलाशीं बांधलेली होती कीं कागदाशीं, हें केवळ चित्रावरून कळत नाहीं.