शेवटची पाच शून्ये

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. चौसष्ट घरांत मिळून दाणे किती? हे जुने कोडे आता संगणकाच्या तासाला स्प्रेडशीटवर सोडवून घेतात. एक सूत्र लिहायचे, ते चौसष्ट ओळी खाली ओढायचे आणि बेरीज मागायची. उपक्रम सुटसुटीत आहे, मीही तो अनेकदा घेतला आहे. माझी तक्रार आहे ती उत्तराबद्दल.

रकाना रुंद करून पूर्ण संख्या मागितली की पडद्यावर येते १८४४६७४४०७३७०९६०००००. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीत दुप्पट करत करत १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हे उत्तर काढले होते. शेवटचे अंक जुळेनात, म्हणून मी त्यावर फुली मारली. बरोबर तीच होती.

फुली मारण्यापूर्वी मी निदान एककस्थान तरी पाहायला हवे होते. पहिल्या घरात एक दाणा, बाकी सगळ्या घरांत सम संख्या. म्हणजे बेरीज विषमच हवी. शिवाय दुसऱ्या घरापासून एककस्थानी २, ४, ८, ६ हेच अंक फिरून फिरून येतात, शून्य कधीच येत नाही. पडद्यावर पन्नासाव्या घरापर्यंत हे नीट चालते. एक्कावन्नाव्या घरात मात्र ११२५८९९९०६८४२६२४ ऐवजी ११२५८९९९०६८४२६२० दिसते. सातवीच्या मुलालाही ही चूक पकडता येईल. उपक्रमातली सर्वांत मोलाची जागा हीच, आणि नेमकी ती सोडून आपण 'बापरे, केवढी मोठी संख्या!' म्हणून तास संपवतो.

येथे खरे तर दोन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली केवळ दाखवण्यातली. स्प्रेडशीट डावीकडचे १५ अंक दाखवते व उरलेल्या जागी शून्ये भरते. आत साठवलेली एक्कावन्नाव्या घराची संख्या अचूकच असते, कारण द्विमान पद्धतीत ती म्हणजे एक १ आणि पुढे नुसती शून्ये. दुसरी गोष्ट साठवण्यातली. १९८५ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे अशी संख्या ६४ बिटांत बसवतात, पण तिच्या अंकांसाठी त्यांतून ५३ द्विमान स्थानेच मिळतात. बाकीचे बिट चिन्ह आणि घातांक यांच्याकडे जातात. आपली बेरीज द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने चौसष्ट वेळा १ येतो. ती मावत नाही. त्रेपन्न घरांची बेरीज अचूक असते, चोपन्नावे घर मिळवताना एक दाणा जास्तीचा धरला जातो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. पडताळा सोपा आहे: आलेल्या बेरजेतून २ चा ६४ वा घात वजा करा. उत्तर –१ यायला हवे, येते ०.

एका दाण्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. गव्हाचे काही नाही. पण १६ अंकी कार्ड क्रमांक याच रकान्यात संख्या म्हणून भरा, शेवटचा अंक शून्य झालेला दिसेल. तो रकाना आधीच मजकुराचा करून ठेवावा लागतो.

पायथन भाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. तेथे मुलीचे उत्तर जसेच्या तसे मिळते. मात्र २ ऐवजी २.० लिहिले की पुन्हा तीच त्रेपन्न स्थाने. आता मी कोडे घालताना बेरीज विचारतच नाही. कोणत्या घरापासून पडद्यावरचा आकडा खोटा दिसू लागतो आणि हे कशावरून ओळखले, एवढेच विचारतो.