आजीची भीती वाटते, हे कुणाला सांगायचं?

घरात एकटं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेतला हा प्रसंग नारायण धारपांनी (1925–2008) ‘आजी’ या कथेतून मराठी घरात आणला. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) या चित्रपटाच्या पहिल्या भागात तो पुन्हा भेटतो. यातलं भय पिंपळावरून उतरत नाही. ते घरचंच, रक्ताच्या नात्यातलं असतं.

‘तुंबाड’मध्ये साल 1918, बाहेर सतत पाऊस. भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन धावते आणि साखळदंडातल्या आजीला जेवू घालायचं काम लहानग्या विनायकवर येतं. त्याच्याजवळ उपाय एकच: हस्तर या शापित देवाचं नाव घेऊन, धाक दाखवून आजीला झोपवायचं. बागुलबुवाची भीती घालून मोठी माणसं मुलांना झोपवतात. इथे मूलच आजीला झोपवतं. ही उलटापालट मला कथेचा गाभा वाटते. सेवा करणारा लहान आहे, एकटा आहे आणि घाबरलेला आहे. शिवाय ज्या माणसावर माया करायची, त्याचीच किळस येते, याची लाज वेगळी.

हे तुंबाडच्या वाड्यापुरतं नाही. उल्हासनगरच्या बराकीत काय किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या वन रूम किचनमध्ये काय, आजारी माणसाचा पलंग हॉलमध्येच असतो. कमावती माणसं पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मधले तास नातवंडांचे. स्मृतिभ्रंश झालेली आजी नातवाला ओळखत नाही, अवेळी ओरडते. पोरानं ‘मला भीती वाटते’ म्हटलं, की ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प केलं जातं. घरात ज्याला मनाई, ते भयकथा मोकळेपणानं बोलते. वाचणाऱ्याला कळतं की असं वाटणारे आपण एकटेच नाही आणि असं वाटलं म्हणून आपण वाईट ठरत नाही.

संशोधक कोल्टन स्क्रिवनर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 310 जणांच्या पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी करोनाकाळात इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. तो भयपटांमुळेच कमी होता, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

भय माणसाला बरं करतं, हा भाबडेपणा ‘तुंबाड’लाही मान्य नाही. मोठा झालेला विनायक परततो, तेव्हा आजीच्या देहातून झाड उगवलेलं असतं आणि ती अजून जिवंत असते. तो तिच्याकडून सोन्याचं गुपित ऐकून घेतो आणि तिला जाळून त्या यातनेतून सोडवतो. भीतीला तो सामोरा गेला खरा, पण सोन्याच्या लोभातून सुटला नाही. भीतीशी ओळख झाली म्हणून माणूस आपोआप बरा होत नाही, हे कथा स्पष्ट दाखवते. म्हणूनच ती खरी वाटते.

भयकथा औषध नव्हे. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. वाचकांना एवढंच सांगणं: कुणाच्या घरी आजाऱ्याला भेटायला गेलात, तर उशाशी बसणाऱ्याचीही विचारपूस करा. ते लहान मूल असेल, तर आधी त्याची.