मार्कर चालला, पण सिद्ध काय झालं?

पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर एक प्रश्न हमखास आडवा येतो : "मी एक यंत्र बनवलंय, हे संशोधन होईल का?" त्याचं उत्तर आज एका यंत्राची चिकित्सा करून शोधू. यंत्र आहे स्वतः बनवलेला इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग असं सगळंच त्यात येतं, म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांना त्याची भुरळ पडते.

आधी यंत्र समजून घ्या. मार्कर म्हणजे दाबाखालच्या वायूने रंगाची गोळी फेकणारं साधन. मुळात ते झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करण्यासाठी होतं; त्याचा खेळ झाला १९८१ साली, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. यात ट्रिगर थेट व्हॉल्व्हला हात लावत नाही, फक्त एक स्विच दाबतो. मायक्रोकंट्रोलर तो संकेत वाचतो आणि सोलेनॉइडला काही मिलिसेकंद वीज देतो. या काळाला 'ड्वेल' म्हणतात. गोळीचा व्यास सुमारे १७.३ मिमी, वजन ३ ग्रॅमच्या आसपास. मैदानावर वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर. गणित केलं तर ऊर्जा येते साधारण १२ जूल. मास्क नसेल तर डोळा जायला एवढी पुरते. त्यामुळे इथले आकडे हे रिपोर्ट सजवण्यासाठी नाहीत.

या रचनेची खरी जमेची बाजू कोणती? बोटाची ताकद हिशोबातून बाहेर गेली. ड्वेल प्रोग्रॅममधला एक आकडा बदलून कमीजास्त करता येतो आणि बाकी सगळं आहे तसं ठेवता येतं. एक घटक बदला, परिणाम मोजा : प्रयोगाला याहून सोयीचं काय हवं? पण बनवणारे बहुधा ही संधी वाया घालवतात. कुठे, ते पाहा.

पहिला दावा असतो "सेकंदाला १५ गोळ्या". स्विचचे धातूचे संपर्क एका दाबात नीट जुळत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात. ही थरथर गाळण्यासाठी प्रोग्रॅममध्ये 'डिबाउन्स'चा वेळ ठेवतात. तो फार कमी ठेवला, की एक दाब दोनदा मोजला जातो. मार्कर वेगवान झालेला नसतो, मोजणी चुकलेली असते! खेळातही हा वाद रंगला. बोटाने मारलेल्या गोळ्या किती आणि सर्किटने किती हे ओळखणं अवघड, म्हणून स्पर्धांनी वेगावरच मर्यादा घातली. व्यावसायिक लीगमध्ये ती सेकंदाला १०.२ पर्यंत खाली आली. तेव्हा ऑसिलोस्कोपवर स्विचचा आणि व्हॉल्व्हचा संकेत शेजारी-शेजारी न दाखवता केलेला दावा मान्य करू नका.

दुसरा दावा : "सरासरी वेग ८५ मीटर". समजा एका मार्करच्या तीन गोळ्या ८४, ८५, ८६ ने गेल्या आणि दुसऱ्याच्या ७५, ८५, ९५ ने. सरासरी एकच, पण दुसऱ्याची एक गोळी मर्यादेच्या बाहेर आहे. इजा सरासरीने होत नाही, त्या एका गोळीने होते. म्हणून गोळ्या किती मारल्या आणि वेग किती विखुरला, हे दोन आकडे सरासरीइतकेच महत्त्वाचे.

तिसरी त्रुटी तर थेट आपल्या भागाची आहे. बाहेरच्या आराखड्यात कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर दिसलं, की तेच उचलायचं. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ च्या आसपास. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही. मग दाब सिलिंडर किती भरलंय यावर ठरतो आणि उन्हात झपाट्याने वाढतो. नांदेड-लातूरचा मे महिना ४० च्या पुढे जातो. थंड हवेत जुळवलेला ड्वेल इथे तोच वेग कसा देईल? शिवाय जिलेटिनची गोळीही उष्णतेने मऊ पडते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक मार्करला बहुधा कॉम्प्रेस्ड हवा आणि रेग्युलेटर जोडतात. ज्या रिपोर्टात खोलीचं तापमानच लिहिलेलं नाही, त्यातला वेगाचा आकडा अर्धाच आहे.

आता प्रश्न बदलून बघा. "मार्कर बनवणे" हे काम झालं. "पुरवठ्याचा दाब बदलला तरी ड्वेल आपोआप बदलून वेगाचा विखुरलेपणा किती कमी करता येईल?" हा संशोधनाचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर 'नाही' आलं तरी काम फुकट जात नाही.

हा प्रश्न खेळापुरता उरत नाही, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. डाळमिलमधलं सॉर्टेक्स मशीन हेच करतं : कॅमेरा खराब दाणा हेरतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेचा झोत दाणा बाजूला उडवतो. झोत लांबला तर शेजारचे चांगले दाणेही जातात. गाईडला मार्कर पटत नसेल, तर हाच प्रश्न डाळीवर विचारा. विषयाला वजन येईल आणि नमुनेही गावातच मिळतील.

मार्करवरच काम करायचं असेल, तर आधी शस्त्र नियम, २०१६ वाचा, कॉलेजची लेखी परवानगी घ्या, आणि सिलिंडर व रेग्युलेटर घरी बनवू नका. मग वहीत पहिली ओळ लिहा : काय बदलणार, काय मोजणार, किती वेळा. ती ओळ जमत नसेल, तर सोल्डरिंग गन थोडे दिवस बाजूला राहू द्या.