चौऱ्याऐंशी टक्के, पण कशाचे?

मनगटी घड्याळ नाडीवर लक्ष ठेवते आणि ठोके अनियमित वाटले तर तशी सूचना देते. ही सूचना कितपत भरवशाची, याविषयीचा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च अ‍ॅपल कंपनीचा, घड्याळही तिचेच. त्यातील ८४ टक्के हा आकडा ‘घड्याळ ८४ टक्के अचूक’ असा वाचण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा.

एकूण ४,१९,२९७ जणांपैकी सूचना मिळाली २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्ध्या टक्क्याला. छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी वापरून परत पाठवली आणि जिची नोंद वाचता आली, असे त्यांपैकी अवघे ४५०. त्यांतील ३४ टक्क्यांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ आढळले. या विकारात हृदयाची अलिंदे नीट आकुंचन न पावता थरथरतात; तिथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होऊ शकतो.

मग उरलेल्या ६६ टक्क्यांना मिळालेली सूचना खोटी होती का? तसे म्हणता येत नाही. हा विकार अधूनमधून डोके वर काढतो आणि पट्टी लावेपर्यंत बरेच दिवस गेले होते. म्हणून संशोधकांनी, पट्टी छातीवर असतानाच पुन्हा सूचना मिळालेल्या ८६ जणांच्या नोंदी पाहिल्या. त्यांपैकी ७२ जणांत विकार त्याच वेळी दिसला. ७२ भागिले ८६, हेच ते ८४ टक्के!

खरी उणीव पुढेच आहे. ज्यांना सूचना मिळाली नाही, त्यांना पट्टी दिलीच नव्हती. त्यामुळे घड्याळाच्या नजरेतून किती रुग्ण निसटले, हे या अभ्यासावरून कळत नाही. ‘सूचना नाही, म्हणजे हृदय ठणठणीत’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. सूचना आलीच, तर घाबरून न जाता डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. त्रास होत असेल, तर सूचनेची वाट पाहू नये.

संशोधकांनी आकडे लपवलेले नाहीत. वाचणाऱ्याने छेद तपासायला हवा. वर्गात हे सहज दाखवता येईल. विद्यार्थ्यांना स्वतःची नाडी धरून सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. अनियमितता आहे, पण आजार नाही. मग ८४ टक्क्यांचे उदाहरण फळ्यावर मांडा आणि विचारा: छेदस्थानी कोण आहे, आणि कोण नाही?