रमाबाईंची पत्रे : श्रद्धा ठेवून चर्च सोडताना

पंडिता रमाबाईंची आपल्याकडे दोन चरित्रे तयार असतात. एकात त्या स्वधर्माला पाठमोऱ्या झालेल्या विदुषी, दुसऱ्यात येशूच्या चरणी लीन झालेल्या साध्वी. दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला आणि बाईंचा धर्माचा प्रश्न मिटला, असे त्या धरून चालतात. वस्तुतः तो प्रश्न त्या दिवशी नव्याने सुरू झाला. तो कसा, हे पाहायचे तर महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला 'द लेटर्स अँड करस्पाँडन्स ऑफ पंडिता रमाबाई' हा इंग्रजी ग्रंथ वाचायला हवा. आपल्याकडे त्याचा उल्लेख पुष्कळ होतो. वाचन मात्र फार थोड्यांनी केलेले असते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीत होत्या, विधवा होत्या आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत फसला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला. या संघाची ओळख त्यांना पुण्यापासूनच होती. सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात रमाबाई शिकू आणि शिकवू लागल्या. अन्न, निवारा, शिक्षण, मुलीचा सांभाळ, सारे त्याच वर्तुळातून येत होते. हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढच्या पत्रांचे मोल कळत नाही. ज्यांच्या छपराखाली आपण राहतो त्यांच्याशी वाद घालणे सोपे नसते.

आणि रमाबाई वाद घालतात! आरंभी कारणे किरकोळ वाटतात. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत? देवाला एक भाषा दुसरीपेक्षा अधिक प्रिय आहे काय? मांसाहार न करण्यात सिस्टर जेराल्डीन यांना जातीचा अहंकार दिसतो. रमाबाईंना ती आपल्या घरची सवय वाटते आणि बाप्तिस्म्याशी तिचा संबंध त्यांना कळत नाही. मग पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न येतो. हिंदुस्थानातले बिशप लिहितात की हे शोभणार नाही. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांच्या भरसभेत भाषणे केली, तिला हे सांगण्यात येत होते! शेवटी गाडी मूळ सिद्धांतावर येते. देवाचे त्रैक्य, चर्चचे मतपत्र, ते न मानणाऱ्याला मिळणारी शिक्षा. हे मला बायबलात सापडत नाही, तर मी कोणाच्या शब्दावर मानू, असा त्यांचा प्रश्न आहे. हिंदू पुरोहितांचे जू महत्प्रयासाने उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्याची त्यांची तयारी नाही, असा त्यांच्या उत्तरांचा मथितार्थ.

समीक्षक म्हणून मला या पत्रांत सर्वात लक्षणीय वाटते ती त्यांची भाषा. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी, बंगाली जाणणारी ही बाई नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत, इंग्रजी ही जिची मातृभाषा आहे तिच्याशीच तत्त्वचर्चा करते. वाक्ये कधी अडखळतात, पण युक्तिवाद अडखळत नाही. शास्त्री बापाकडून मिळालेली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त इथे परक्या विषयात कामाला आलेली दिसते. आधी समोरच्याचे म्हणणे नीट मांडायचे, मग त्याचा एकेक खिळा काढायचा. मधूनच थट्टाही करायची. आणि या सगळ्या वादात सिस्टर जेराल्डीनना संबोधन काय, तर 'आजीबाई'! नात्याचा हा शब्द त्यांनी रागातही टाकून दिला नाही.

ग्रंथाची दुसरी गंमत अशी की पत्रे जपली, जमवली आणि त्यांवर टिपणे लिहिली ती याच आजीबाईंनी. टिपणांचा सूर असा, की मुलगी हुशार पण हट्टी, हिला घडवायला आम्ही कमी पडलो. वाचकाला अशा रीतीने एकाच पानावर आरोपी आणि फिर्यादी दोघेही भेटतात. पण सिस्टर जेराल्डीनना खलनायिका ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांना खरोखरच वाटत होते की एक जीव नरकाच्या वाटेने चालला आहे आणि त्याची जबाबदारी आपल्यावर आहे. जाच हा दुष्टपणातूनच येतो असे नाही. काळजीतूनही तो येतो, आणि काळजीच्या जाचातून सुटणे अधिक अवघड, कारण सुटणारा कृतघ्न ठरतो. मनोरमेला कोणती शिकवण द्यायची यावरून झालेला पत्रव्यवहार वाचताना हे फार जाणवते. मूल भगिनींपाशी, आई चेल्टनहॅमला, आणि मुलीच्या श्रद्धेचा निर्णय कोणाचा यावर रस्सीखेच.

१८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या, आणि इथे त्यांना वेगळी हवा लागली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, आणि सोबत इतर पंथांची मंडळी. तुम्ही त्रैक्य मानता की नाही, हे विचारण्याऐवजी विधवांसाठी काय करू या, असे विचारणारी माणसे त्यांना भेटली. १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदासदन या पाठबळावर उभे राहिले. श्रद्धा टिकवून संस्था सोडता येते, हे त्यांना अमेरिकेत प्रत्यक्ष दिसले असावे. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आरंभी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. हे वाक्य भाविकाचे आहे, पण वाँटेजच्या पत्रांनंतर वाचले तर ते टीकाही आहे.

मात्र इथेच थांबणाऱ्या गौरवपर लेखकांशी माझे पटत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या हजाराहून अधिक मुली-बाया राहू लागल्या. तिथे कोणत्याही एका पंथाची पाटी नव्हती, प्रार्थना मराठीत होत होती, छापखाना बाया चालवत होत्या, आणि हिब्रू व ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केले. हे थोरच. पण १९०५ च्या धर्मजागृतीच्या लाटेत प्रार्थनेत आक्रंदणाऱ्या त्या मुलींपैकी एखादीला 'मला हे पटत नाही' असे म्हणायचे असते, तर ती कोणाला पत्र लिहिणार होती? तिच्यापाशी ना इंग्रजी होते, ना बोस्टन, ना परत जायला घर. जू नाकारणाऱ्या बाईने आपल्या छपराखाली नाही म्हणण्याची सोय किती ठेवली, हा प्रश्न चरित्रकारांनी सहानुभूतीने पण स्पष्टपणे विचारायला हवा. त्याने रमाबाई लहान होत नाहीत. उलट, आसरा देणारा हात आणि दाबणारा हात बरेचदा एकच असतो, ही त्यांच्याच पत्रांची शिकवण पक्की होते.

आपणा परदेशस्थांना हे लांबचे वाटू नये. इथे सत्संग म्हणजे नुसता सत्संग नसतो. मराठी बोलणे, पुरणपोळी, मुलांची मैत्री आणि अडीनडीला धावणारी चार घरे त्याच दारातून येतात. गुरूंचे किंवा मंडळींचे एखादे म्हणणे पटेनासे झाले की माणूस श्रद्धेपेक्षा या चार घरांच्या भीतीने गप्प बसतो. त्याला नवी जागा शोधायची असेल तर तिथली शिकवण किती उदात्त आहे हे पाहून भागणार नाही. तिथे प्रश्न विचारल्यावर चहा पूर्वीसारखाच मिळतो का, हे पाहावे. आणि तिथून बाहेर पडलेल्यांविषयी मंडळी काय बोलतात, तेही ऐकावे.

ग्रंथ इंग्रजीत आहे, मोठा आहे, आणि सिद्धांतचर्चेची काही पाने वाचकाचा घाम काढतात. ती उडी मारून ओलांडली तरी चालेल. पण हिंदुस्थानात परतल्यावर रमाबाईंनी आजीबाईंना लिहिलेली पत्रे चुकवू नयेत. मत बदललेले नाही, चर्चपुढे मान झुकलेली नाही, तरीही कामाची हकिगत कळवली जाते. संस्था सुटली म्हणून माणूस सोडायलाच हवे असे नाही, एवढे तरी ही पत्रे दाखवतात.