'साधन' या शब्दाचे दोन वाचक

चर्च आणि सर्वंकष सत्ता यांच्या संबंधांची चर्चा आपल्याकडे बहुधा एका गृहीतकापाशी येऊन थांबते: धर्मसंस्था ही सत्तेच्या हातातले साधन असते. या गृहीतकाला सैद्धान्तिक बळ मिळाले ते अल्थुसरच्या १९७० च्या निबंधाने. विचारप्रणालीच्या द्वारे सत्ता टिकवणाऱ्या राज्ययंत्रणांत त्याने चर्चचाही समावेश केला होता. गोमंतकाचा अनुभव समोर ठेवला, की या मांडणीतली एक अडचण ध्यानात येते. पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहत कायद्यानेही सागरपार मिशनांचे वर्णन सभ्यतेचे व राष्ट्रीय प्रभावाचे साधन असेच केले होते. सत्तेची संहिता आणि सत्तेची चिकित्सा यांनी एकाच शब्दावर विसंबावे, ही गोष्ट समीक्षेने तपासून पाहण्यासारखी आहे.

सालाझारच्या राजवटीला सर्वंकष म्हणावे की केवळ अधिकारशाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु एकपक्षीय राज्य, गुप्त पोलीस आणि छापील मजकुराची पूर्वतपासणी ही तिची अंगे निर्विवाद होती. ७ मे १९४० रोजी तिने व्हॅटिकनशी करार केला. बिशपच्या नेमणुकीपूर्वी सरकारचा काही राजकीय आक्षेप आहे काय, हे विचारण्याची तरतूद त्यात होती. त्याच दिवशीच्या मिशनविषयक समझोत्याने वसाहतींतील धर्मकार्याला सरकारी अनुदान मिळाले. लिस्बनचे कार्डिनल सेरेजेइरा हे तर सालाझारचे कोइंब्रापासूनचे स्नेही. एवढ्यावरून 'साधन' हा शब्द सार्थ वाटतो.

मात्र याच व्यवस्थेत वाढलेली माणसे तिची संहिता निराळ्या रीतीने वाचत होती. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे जन्माने कॅथलिक. गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावरील त्यांची पुस्तिका १९४४ साली निघाली. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पाठविले. लँबर्ट मस्कारेन्हस यांच्या १९५५ च्या इंग्रजी कादंबरीत परकी सत्तेविरुद्धची वेदना कॅथलिक घरातूनच प्रकट होते. खुद्द पोर्तुगालमध्ये पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरैरा गोमेस यांनी १९५८ साली सालाझारला टीकात्मक पत्र लिहिले आणि १९५९ पासून दहा वर्षे देशाबाहेर काढली. त्यांची नेमणूक १९४० च्या करारानंतरचीच होती. पुढे १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा लिस्बनने तो आपला अपमान मानला.

उलट दिशेचा दाखलाही आहे. मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व न सोडणाऱ्या एका गोमंतकीय धर्मगुरूचा खटला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. येथे सत्ता गेली, तरी निष्ठा उरली.

कर्जत-खालापूरच्या घाटपायथ्याच्या वाचकाला चर्च आणि फिरंगी ही जोडी मुख्यतः पुस्तकांतून भेटते. रायगड जिल्ह्यातील तिच्या खुणा रेवदंडा-कोर्लईच्या किनाऱ्यावर आहेत. तेथील पोर्तुगीज अंमल १७४० मध्ये संपला. पण कोर्लईत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आणि कॅथलिक उपासना अडीच शतकांहून अधिक काळ टिकून राहिली. धनी गेल्यावर साधन गंजून जाते. बोली आणि श्रद्धा मात्र बोलणाऱ्यांच्या व मानणाऱ्यांच्या होऊन जगतात.

यावरून चर्चला निर्दोष ठरवावे, असे सुचवायचे नाही. खरे तर 'साधन' हा शब्दच त्याला निर्दोष ठरवतो. अपराध हत्याराचा नसतो, ते चालविणाऱ्याचा असतो. चर्चला केवळ यंत्रणा मानले, की सेरेजेइरांचे मौन ही त्यांची निवड राहत नाही, आणि फेरैरा गोमेस यांचे पत्र हा निव्वळ अपवाद होऊन बसतो. दोघेही एकाच संस्थेचे, एकाच धर्मग्रंथाचे वाचक होते. एकाने त्यातून आज्ञापालन वाचले, दुसऱ्याने साक्ष देण्याचे कर्तव्य. समीक्षेला जाब विचारायचा असेल, तर तो वाचणाऱ्याला विचारावा लागेल. आणि त्यासाठी प्रथम तो वाचत होता, हे मान्य करावे लागेल.