‘मंडळी’ या शब्दाचे दोन अर्थ : ‘स्मृतिचित्रे’तील कुटुंब आणि ख्रिस्ती चर्चची एकी

मराठी प्रॉटेस्टंट परिभाषेत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. रोजच्या बोलीत मात्र ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंबातील माणसे. जुन्या पिढीतील पुरुष ‘आमची मंडळी’ म्हणत, तेव्हा त्यांना पत्नी अभिप्रेत असे. हे दोन्ही अर्थ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध) या आत्मचरित्रात समोरासमोर येतात. या ग्रंथाची समीक्षा बहुधा विनोद, प्रांजळपणा व निवेदनशैली या अंगांनी झाली आहे. ख्रिस्ती मंडळीच्या जडणघडणीविषयी तो काय सांगतो, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला.

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. धर्मांतराचा निर्णय एकट्याचा. त्याची किंमत मात्र सगळ्या गोतावळ्याने मोजली. पुढे पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी प्रारंभी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. पण ग्रंथातले खरे स्थित्यंतर त्याआधीचे आहे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नापाशी ते घडते. धर्मसिद्धान्ताची चर्चा त्यानंतर, आणि तीही बेताचीच. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा क्रम स्वाभाविक म्हटला पाहिजे.

यानंतर टिळकांचे घर वाढत जाते. पोरकी मुले, विद्यार्थी, आले-गेले यांची तेथे वर्दळ असते. बालकवी ठोंबरे ख्रिस्ती नसूनही नगरच्या या घरात घरच्या मुलासारखे राहिले. तुटलेल्या गोताची जागा येथे कोणत्याही संस्थेने घेतलेली नाही. ती एका स्वयंपाकघराने घेतली आहे. टिळक माणसे घरी आणतात आणि लक्ष्मीबाई त्यांची सोय लावतात. हे श्रमविभाजन ग्रंथात विनोदाच्या अंगाने येत असल्यामुळे त्याचा भार वाचकाला सहसा जाणवत नाही.

या चित्रात ख्रिस्ती पंथभेद जवळजवळ दिसत नाहीत, ही लक्षणीय बाब होय. प्रत्यक्षात ते होते. नगर हे काँग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र. त्याच जिल्ह्यात अँग्लिकन मिशनही कार्यरत होते. कोल्हापुरात अमेरिकन प्रेसबिटेरियन, नाशकात चर्च मिशनरी सोसायटी. एखादे कुटुंब कोणत्या पंथाचे, हे बहुतेक वेळा त्या भागात कोणते मिशन आले यावर ठरले. त्यामागे ईश्वरविज्ञानापेक्षा भूगोलच अधिक होता! माणसे पोटासाठी गाव सोडू लागली, सोयरिकी जिल्ह्याबाहेर जुळू लागल्या, तसतशी ही आखणी अपुरी पडणे अपरिहार्य होते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात अभिप्रेत होते. कल्पना धाडसी होती; परंतु तिचा आधार एका व्यक्तीची प्रतिभा हाच होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तो आधार गेला. शिवाय ‘दरबार’ या नावातच कुटुंबापेक्षा निराळी रचना सूचित होते. त्याच सुमारास टिळकांनी संन्यास घेतला होता. संन्याशाचा संसार चालवणाऱ्या पत्नीच्या बाजूने दरबाराकडे पाहिले, तर या प्रयोगातील अंतर्विरोध स्पष्ट होतो.

संघटनेच्या पातळीवरील एकी फार सावकाश आली. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र आल्या. व्यापक ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐनवेळी बाहेर राहिले. चार दशकांच्या या वाटाघाटींत बिशपपद आणि बाप्तिस्म्याची पद्धत यांवर बराच खल झाला. गायनात मात्र एकी आधीच झालेली होती. टिळकांची अभंग व भजनाच्या वळणाची पदे पंथाची हद्द न पाळता गायिली जात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती आजही एकत्र आढळतात. रविवारच्या उपासनेइतकीच ती घरच्या प्रार्थनेतही बसतात, आणि कुटुंब व मंडळी यांना जोडण्याचे काम ठरावांपेक्षा त्यांनीच अधिक केले.

वसईच्या कॅथलिक समाजाची गोष्ट वेगळी. तेथील धर्मांतर सोळाव्या शतकातले आणि समूहाने झालेले. म्हणून तेथे ख्रिस्तसभा गावगाड्यातच रुजली आणि गोत पुन्हा उभारण्याचा प्रश्न या स्वरूपात आलाच नाही.

‘स्मृतिचित्रे’ची मर्यादाही येथेच नोंदवली पाहिजे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आली. टिळकांप्रमाणे ती एकेकटी बाहेर पडली नाहीत. अनेक ठिकाणी नात्यागोत्यासह आली. त्यांची नाती त्यामुळे टिकली, पण जातही सोबत आली. पंथांचे विलीनीकरण करता येते. सोयरिकीतील जात तशी विलीन होत नाही, आणि १९७० च्या योजनेचा तो विषयही नव्हता. लक्ष्मीबाईंनी जातिभेद टाकला तो ब्राह्मण स्त्रीच्या बाजूने, आणि त्याची हकिकत त्यांनी निर्भीडपणे लिहिली. ज्यांच्या हातचे पाणी पिण्याचा हा प्रश्न होता, त्या स्त्रियांना तो कसा वाटला असेल, हे मात्र या ग्रंथातून कळत नाही.